बेलबोडीचं बीज आणि रस्ता सांगणारी बाई

मनसारामने ठरवलं, की यापुढे आयुष्यात कुणालाही रस्ता विचारायचा नाही.

निर्णय तसा साधाच होता. दारू सोडण्याइतका मोठा नव्हता, की तंबाखूचा खर्रा सोडण्याइतका अशक्य नव्हता. पण त्याच्यामागे एका अख्ख्या वर्षाची मानहानी होती, त्यामुळे तो त्याने आरशात बघून दोनदा मोठ्याने म्हटला. (दुसऱ्यांदा म्हणताना आवाज थोडा कापला, पण आरशात तेवढं दिसत नाही.)

झालं होतं असं. मनसारामची बायको गोकुळा ही आरमोरीकडच्या त्यांच्या गावात बारा बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. गटाने जंगलातला बेलबोडी नावाचा तलाव मासे पाळायला घेतला होता. माशांचं बीज आणायचं नदीपलीकडून, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका केंद्रातून. ते लोक प्लास्टिकच्या थैलीत थोडं पाणी, बोटभर लांबीची पिल्लं आणि वर ऑक्सिजन भरून तोंड बांधून देतात. सहा-सात तासांत थैली तलावात पोचली तर मासे, नाहीतर खत. मागच्या वर्षी हे काम गोकुळाने विश्वासाने नवऱ्यावर सोपवलं, येताना नाल्यावरच्या पुलावरून पाणी वाहत होतं म्हणून मनसारामने गाडी आडरस्त्याला घातली, आणि रस्ता विचारला.

आता आमच्याकडे रस्ता विचारला की एकच उत्तर मिळतं. "हे काय जी, इथीच." हे 'इथीच' समोरच्या चिंचेखाली असू शकतं आणि चौदा किलोमीटरवरही असू शकतं. सांगणारा खोटं बोलत नाही, त्याला ते खरोखर जवळ वाटतं, कारण तो रोज चालत जातो. मनसारामला त्या दिवशी लागोपाठ चार 'इथीच' भेटले. तो बेलबोडीला पोचला तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि सगळ्या थैल्यांत पांढरी पोटं वर करून बीज तरंगत होतं.

घरी फोनपाशी थांबलेली गोकुळा सोडून बाकीच्या अकरा बायका तलावाच्या पाळीवर सकाळपासून बसल्या होत्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी बोटं मोडली नाहीत. उठल्या, पदर झटकले आणि गेल्या. त्या वर्षी तलावात मासा नव्हता, म्हणून बाराही जणी दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत मजुरीने रोवणीला गेल्या. मनसाराम दिसला की त्या आपसांतलं बोलणं थांबवायच्या. शिवीपेक्षा हे वाईट.

यंदा जूनच्या बैठकीत गोकुळाने सांगून टाकलं, "या सालीबी बीज मेलं तं मी अध्यक्षपद सोडीन. मंग कोणी मले बोलवायले येऊ नोका."

पण यंदा त्याच्याकडे बाई होती. म्हणजे यंत्रातली. बीज मेल्यानंतर महिनाभर झोप न आल्याने तो चंद्रपूरला आपला साळा अजय याच्याकडे गेला होता. अजय म्हणाला, "भाटवे, मोबाईलचा काई उपयोग नाई. जंगलात टावर कुठी हाये? तुमाले आकाशातून रस्ता दाखवनारं यंत्र लागते." आणि त्याला दुकानात घेऊन गेला.

"गाडीसाठी पाहिजे की मोटारसायकलसाठी?" दुकानदाराने विचारलं.

"माशांसाठी," मनसाराम म्हणाला.

दुकानदाराने तीन प्रकार समोर ठेवले. पहिलं ताटाएवढं, त्याला नागपूरची गल्लीन् गल्ली पाठ होती, पण आरमोरी म्हटलं की बराच वेळ विचार करून ते अमरावती दाखवायचं. दुसरं जंगलवाल्या साहेबांकडे असतं तसं, मुकं, नुसता बाण दाखवणारं. मनसारामला मुकं नको होतं. (इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला कुणी दटावल्याशिवाय योग्य दिशा कळत नाही.) तिसरं मोटारसायकलच्या हँडलला लावायचं, मुठीत मावणारं. ते बाईच्या आवाजात, शुद्ध हिंदीत, अतिशय अदबीने बोलायचं. आणि त्याची खासियत अशी, की नकाशात नसलेल्या रस्त्याने त्याला एकदा फिरवून आणलं की ते तो रस्ता जन्मभर विसरत नाही.

"जलमभर?" मनसारामने विचारलं.

"जन्मभर."

मनसारामला भरून आलं. हा गुण त्याच्या घराण्यात कुणातच नव्हता.

घरी गोकुळाने यंत्र उलटसुलट करून पाहिलं. "इच्यात बेलबोडी हाये का?" बेलबोडीच्या जागी नुसता हिरवा रंग होता. म्हणून यंदाच्या वैशाखात एका सकाळी मनसारामने यंत्र मोटारसायकलला लावलं, बीज केंद्रापासून बेलबोडीच्या पाळीपर्यंत सगळा रस्ता फिरून आला आणि पडद्यावर उमटलेली निळी रेघ शेजारपाजाऱ्यांना इतक्यांदा दाखवली, की लोक त्याला बघून गायी हाकायचं निमित्त काढून निघून जाऊ लागले.

मग त्याने बायकोला अट घातली.

"यंदा रस्त्याचं तू एक अक्षर बोलाचं नाई. मांगच्या साली तू मधामधात बोलली म्हनून मी चुकलो."

"मी तं तवा घरी होती."

"फोनवर बोलली ना!"

"अन् बोलली तं?"

"बोलली तं चूक तुही."

गोकुळा म्हणाली, "बरं." मनसारामने आयुष्यात जिंकलेला हा पहिला वाद होता. तो इतक्या सहज जिंकल्याचं त्याला खरं तर तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

आषाढातल्या एका सकाळी सहाला बीज भरलं. शेजाऱ्याचा छोटा हत्ती टेम्पो मागून आणलेला, मोटारसायकलवरचं यंत्र काढून त्यात लावलेलं. मनसाराम चालवायला, शेजारी गोकुळा आणि मागे हौद्यात थैल्यांवर ओली पोती टाकून राखण करायला वच्छलाबाई. वच्छलाबाई गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, मागच्या वर्षीचं मेलेलं बीज त्यांनी स्वतःच्या हाताने पुरलं होतं. यंदा त्यांनी काम एकच घेतलं होतं, दर दहा मिनिटांनी केबिनच्या मागच्या काचेवर थाप मारून माशांची तब्येत सांगायची.

"मनसारामभाऊ, एक थैली सुस्तावली जी!"

मनसारामच्या कपाळावर घाम. गाडी जोरात.

"मनसारामभाऊ, हळू! हादऱ्यानं मरून जातीन!"

गाडी हळू.

"भाऊ, इतके हळू काऊन चालून राह्यले? ऊन वर येऊन राह्यलं ना!"

मधे ती बाई आपली शांतपणे सांगत होती, "दो किलोमीटर बाद दाएँ मुड़िए." तिच्या आवाजात ना बीज होतं ना ऊन होतं. मनसारामला वाटलं, सगळं जग असं बोललं असतं तर आपला रक्तदाब वाढलाच नसता. वैनगंगेचा पूल आला, गेला. आरमोरी आली, गेली. एकही वळण चुकलं नाही. त्याने कुणालाही काही विचारलं नाही. चहाच्या टपरीवरचा एक ओळखीचा माणूस हात दाखवून "कुठी जाऊन राह्यले?" म्हणाला, त्यालासुद्धा उत्तर दिलं नाही. कोण जाणे, तो 'इथीच' म्हणायचा.

गोकुळा खिडकीबाहेर बघत बसली होती. दोन्ही हातांनी तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती. तिच्या मनात काय चाललंय हे मनसारामला ठाऊक होतं. त्याच्याही मनात तेच चाललं होतं. जिवंत राहू दे रे बाबा, यंदा जिवंत राहू दे.

साडेअकराला जंगलातला बेलबोडीचा फाटा आला. उजवीकडे मुरमाचा रस्ता, जो तीनचार किलोमीटरचा वळसा घेऊन पाळीवर जातो. डावीकडे बैलगाडीची चाकोरी.

"बाएँ मुड़िए," बाई म्हणाली.

"अवो," गोकुळा म्हणाली.

मनसारामने ब्रेक मारला. पण रस्त्यासाठी नव्हे. "बोलली! बोलली तू!"

"मी रस्त्याचं नाई बोलत. मी पान्याचं बोलून राह्यली. तिकडं—"

"पानी का हवेत राह्यते? रस्त्यावरच राह्यते ना? हारली तू! वच्छलाबाई, तुमी साक्षीदार हा जी!"

"कायची साक्षीदार? चार थैल्या मान टाकून राह्यल्या!" मागून थाप आली.

चार थैल्या! मनसारामने स्टिअरिंग गर्रकन डावीकडे फिरवलं.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मनसाराम ती कुणाला सांगणार नाही. वैशाखात बेलबोडी आटते. तलावाच्या पोटात भेगा पडतात, तिथे गुरं बसतात, पोरं क्रिकेट खेळतात, आणि वळसा वाचवायला सगळा मुलूख बैलगाड्या, सायकली, लग्नाची वरातसुद्धा तलावाच्या पोटातून आडवी घालतो. मनसारामचे आजोबा असेच जायचे, बाप असाच गेला, आणि वैशाखात यंत्र घेऊन मनसारामही पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीने असाच गेला होता. यंत्राने ती वाट जन्मभर लक्षात ठेवली. आषाढात तलावात पाणी असतं, हे यंत्राला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण ज्याचा जन्म तलावाच्या पाळीवर गेला, ज्याच्या अंगाला लहानपणापासून मासळीचा वास येतो, त्याला ते आठवायला कुणाची हरकत होती?

चाकोरी झाडांतून खाली उतरली. पुढे पाणी चमकलं.

"डबकं हाये," मनसाराम म्हणाला.

"सीधे चलिए," बाई म्हणाली.

गोकुळाने डोळे मिटून घेतले.

पाणी आधी चाकांना लागलं, मग दिव्यांना. मग दाराच्या फटीतून आत येऊन मनसारामच्या चपला तरंगायला लागल्या, आणि इंजिनाने एक उचकी देऊन डोळे पांढरे केले. सगळं शांत झालं. फक्त बाईचा आवाज आला, "तीन सौ मीटर बाद आपकी मंज़िल है."

तीनशे मीटरवर, पाण्यापलीकडे, पाळीवर दहा बायका उभ्या राहिल्या होत्या. सगळ्या याच दिशेने बघत होत्या. कुणी काही बोलत नव्हतं.

ते न बोलणं मनसारामच्या ओळखीचं होतं. त्याला रडू आलं. लाज बाजूला ठेवून आलं. "गोकुळे," तो म्हणाला, "यंदाबी मीच मारलं बीज. तू सांग त्यायले, अध्यक्षाचा यात काई दोष नाई. तुही काई चूक नाई. मीच येडा."

गोकुळाने दार ढकललं आणि पाण्यात उतरली. पाणी तिच्या कमरेला लागलं. मनसारामला वाटलं, ही आता सरळ चालत माहेरी जाते. पण तिने हात पाण्यात बुडवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"थंड हाये," ती म्हणाली. "वच्छलाबाई, थैल्या खाली द्या."

"इथी?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"मंग? तलाव नाई तं काय हाये हा?"

मनसारामचं रडणं मधेच थांबलं. त्याने चारी बाजूंना बघितलं. खरंच की. आपण तलावात आहोत.

थैल्या बांधलेल्याच पाण्यावर तरंगत सोडल्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं थंड व्हायला वीस मिनिटं लागतात, त्याआधी सोडलं तर बीज धसक्याने मरतं. आयुष्यातली सर्वांत लांब वीस मिनिटं मनसारामने गाडीच्या टपावर उकिडवं बसून काढली. सुस्तावलेल्या चार थैल्यांकडे त्याला बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं. गोकुळाने पहिल्या थैलीचं तोंड सोडलं, ती हळूच कलती केली. पिल्लं तिथल्या तिथे थांबली. एक क्षण काहीच हललं नाही. मग एकाने शेपूट झटकलं, आणि सगळा घोळका पाण्यात असा नाहीसा झाला, जणू कुणी हाकच मारली. मग बाकीच्या थैल्या सुटल्या, सुस्तावलेल्या चारही.

"जित्ते हायेत!" वच्छलाबाई ओरडल्या. "सारे जित्ते हायेत व!"

पाळीवर कालवा झाला. गोकुळा पाण्यात उभी राहून पदराने डोळे पुसत होती, हसत होती, पुन्हा पुसत होती. मनसारामने वर्षभरात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला, आणि त्या श्वासाबरोबर त्याचं शहाणपणही परत आलं. "डोक्यावर थैल्या घेऊन पाळ उतराचा तरास नाई," तो टपावरून म्हणाला. "थेट तलावात आनून देल्लं. मी सोचूनच इकडून आनली गाडी." गोकुळाने नुसतं वर बघितलं. तो खाली बसला.

पाळीवरच्या बायका डोंग्यात बसून आल्या. त्यांच्याकडे पूजेचं ताट होतं. पहिलं बीज तलावात पडलं की ज्याने ते आणलं त्याला कुंकू लावून नारळ द्यायचा, असा गटाचा रिवाज. मागच्या वर्षी तो नारळ तसाच परत गेला होता. मनसारामने केसांवरून हात फिरवला, ओला सदरा पिळून खाली ओढला आणि कपाळ पुढे केलं.

वच्छलाबाई ताट घेऊन त्याच्याकडे आल्या. "जरा सरका जी," म्हणाल्या, आणि त्याच्या बगलेखालून हात घालून त्यांनी केबिनमधल्या यंत्राला हळद लावली, कुंकू लावलं, समोर तांदूळ, सुपारी आणि नारळ ठेवून रीतसर ओटी भरली.

"अन् मले?" मनसाराम म्हणाला. "गाडी मी चालोली ना!"

"चालोली ना जी," वच्छलाबाई म्हणाल्या. "बाई तं बिचारी शेवटपर्यंत तीनशे मीटर राह्यले म्हनून सांगूनच राह्यली होती. तुमीच मधात थांबले."

गाडी काढायला चार बैल आणि संध्याकाळ लागली. मागून धक्का मारायला मनसाराम होता. दुसऱ्या दिवशी गटाची बैठक भरली आणि ठराव एकमताने मंजूर झाला. पुढल्या सालापासून बीज आणण्यास यंत्रातल्या बाईस पाठवण्यात यावे, सोबत गाडी चालवण्यास कोणीही चालेल. सूचक वच्छलाबाई, अनुमोदक गोकुळा. ठराव रजिस्टरात लिहायला मनसारामला बसवलं होतं, कारण गटात अक्षर त्याचंच बरं होतं.