मालकीण बाहेर, कुलूपवाला आत

लॉकरसाहेबांनी फ्रिजला रजिस्टर टांगलं, त्याच दिवशी त्यांच्या बायकोनं ठरवलं की या माणसाला आता घराबाहेर काढायलाच हवं. रजिस्टरात तीन रकाने होते. वस्तू, बाहेर काढल्याची वेळ आणि काढणाऱ्याची सही. बायको हॉस्पिटलातून दमून आली, एक सफरचंद घेऊन खुर्चीत टेकली, तर हे पेन घेऊन समोर उभे.

"अहो, सफरचंदाला सही?"

"नोंद नको का राहायला?"

"घरात आपण दोघंच! मी नाही घेतलं तर तुम्ही घेतलं!"

"तेच तर रजिस्टरवरून कळतं."

एकोणतीस वर्षं या गृहस्थांनी बँकेतली लॉकरची खोली सांभाळली होती. ओळखपत्र पाहिल्याशिवाय आणि सही जुळवल्याशिवाय माशीसुद्धा आत सोडली नाही. सख्ख्या सासऱ्यांना एकदा दारातून परत पाठवलं होतं, कारण मोतीबिंदू काढल्यापासून त्यांची सही जरा डावीकडे झुकायला लागली होती. मग बायकोला परदेशात नर्सची नोकरी लागली, दोघं चंबूगबाळं आवरून आले, आणि इथे कुणालाच लॉकर सांभाळायला माणूस नको होता. आठ महिने साहेब घरात. बरण्यांवर नंबर चढले, पडदे वेळापत्रकाप्रमाणे उघडायला लागले.

"काहीतरी शिका आता," बायको म्हणाली, "नाहीतर मी माहेरी जाते."

माहेर तीन विमानं दूर होतं, तरी साहेब लगेच कामाला लागले. त्यांनी विचार केला की आपला जन्म कुलपांच्या संगतीत गेलाय, तेव्हा कुलूपवाल्याचंच काम शिकावं. आपला संबंध कुलपं लावण्याशी आला होता, उघडण्याशी नाही, हे चोपन्नाव्या वर्षी त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

दुकानाची मालकीण तिशीची. सगळे तिला उस्तादबाई म्हणत. तिच्या हातात वाकड्या टोकाचा आकडा दिसला की कुलूप म्हणे आपणहून आ करायचं. तिनं साहेबांना तीन महिने पारखून बघायचं कबूल केलं. साहेबांनी बेचाळीस कुलपांची चित्रं वहीत काढली, प्रत्येकाचे भाग तोंडपाठ केले, झोपेतसुद्धा घडाघडा म्हणायला लागले. पण खरं कुलूप समोर आलं की हाताला असा घाम सुटायचा, की आकडा मासोळीसारखा निसटायचा.

"काका," उस्तादबाई कपाळाला हात लावायची, "कुलूप उघडायचंय, त्याची मुलाखत नाही घ्यायची!"

तीन महिन्यांच्या शेवटच्या दिवशी फोन आला. चौथ्या मजल्यावर एक बाई घराबाहेर अडकल्या होत्या. उस्तादबाईनं इमारतीखाली गाडी लावली आणि हत्यारांची पिशवी साहेबांच्या हातात दिली.

"मी इथेच बसते. अर्ध्या तासानं वर येईन. दार उघडं दिसलं, तर तुम्ही माझे पक्के शिकाऊ. बंद दिसलं, तर घरी जाऊन फ्रिज सांभाळा."

साहेबांनी हे फ्रिजचं प्रकरण तिला कधीतरी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

चौथ्या मजल्यावर, बंद दारासमोर, फुलाफुलांच्या गाऊनमधल्या एक बाई कचऱ्याची रिकामी बादली धरून उभ्या होत्या. वय साठीच्या पलीकडे, आवाज विशीतला.

"आलात का एकदाचे! कचरा टाकायला गेले नि वाऱ्यानं दार लागलं. किल्ली आत. शेगडीवर दूध!"

साहेबांनी पिशवी खाली ठेवली. "ओळखपत्र?"

"कसलं?"

"घर तुमचंच कशावरून?"

"अहो, गाऊन बघा माझा! असल्या गाऊनमध्ये चोरी करायला कोण येईल?"

"नियम आहे. ओळखपत्र दाखवा."

"आत आहे."

"मग आत जाऊन घेऊन या."

यावर दोघांनीही बंद दाराकडे पाहिलं.

शेवटी साहेबांनी तोड काढली. "असं करू. मी दार उघडतो. तुम्ही बाहेरच थांबा. मी आत जाऊन ओळखपत्र बघतो. खात्री पटली, की तुम्हाला आत घेतो."

"माझ्या घरात? मला?"

तेवढ्यात दाराच्या फटीतून करपल्याचा वास आला. दूध शेगडीवरून उतू जाऊन आता जळायला लागलं होतं. वास असा, की दुसऱ्या मजल्यावरच्या माणसानं घाबरून स्वतःची शेगडी बंद केली. बाई किंचाळल्या, "करा काय करायचंय ते, पण उघडा!"

आणि खोटं वाटेल, पण त्या किंकाळीनं साहेबांचे हात घामेजायचंच विसरले. लॅचचा गाभा काढला, खिशात टाकला, उरलेल्या भोकात आकडा घातला, त्याचं नाक खाली करून डावीकडे ओढलं. खट्! बारा मिनिटांत दार उघडं. जन्मातलं पहिलं कुलूप!

दार तसंच सताड उघडं ठेवून ते जिन्यात बसून राहिले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नियम म्हणजे नियम. "तुम्ही बाहेरच," असं बाईंना बजावून ते आत शिरले. शेगडी बंद केली. धूर इतका, की हात पुढे करून चालावं लागलं. त्यांनी खिडकी उघडली. खिडकीतून वारा आला, घरभर फिरला आणि जाता जाता त्यानं दार ओढून घेतलं. धाड!

साहेब धावत दाराशी आले. आतली मूठ फिरवली, तर ती नुसतीच गरगर फिरली. फिरणारच. तिचा गाभा त्यांच्या खिशात होता. सुरी भोकात घालून पाहिली, ती जाईना. चमचा घातला, तो वाकला. मग त्यांनी भोकाला डोळा लावला. पलीकडून बाईंचा डोळा आला.

"मॅडम, पिशवीतला तो बारीक आकडा या भोकातून आत सरकवा जरा."

बाई वाकल्या, आकडा उचलला आणि मध्येच थांबल्या. "थांबा. तुम्ही कोण?"

"मी कुलूपवाला."

"कशावरून?"

साहेबांना कुठेतरी बरंच वाटलं. प्रश्न अगदी योग्य होता. गळ्यातलं कार्ड त्यांनी भोकासमोर धरलं. भोक अंगठ्याएवढं, त्यामुळे कार्ड सरकवत सरकवत दाखवावं लागलं.

"शि-का-ऊ," बाई वाचत होत्या. "पुढे सरकवा. 'उस्तादांच्या देखरेखीशिवाय काम करू नये.' वा! कुठायत उस्ताद?"

"खाली. गाडीत."

"बोलावते."

"नको!" साहेबांचा आवाज असा फाटला की बाईंचा डोळा मागे गेला. "त्या पंधरा मिनिटांत वर येणार आहेत. दार बंद दिसलं तर मला काढून टाकतील. मॅडम, मी परत घरी नाही बसू शकत. मी बायकोकडे सफरचंदाची सही मागतो हो!"

बाईंचा डोळा परत भोकाशी आला.

"तिनं दिली?"

"नाही."

"बरं केलं." बाईंनी सुस्कारा टाकला. "पण आकडा काही मी देणार नाही. घर माझं, आत तुम्ही, हत्यारही आत, आणि मी बाहेर बादली धरून? बरी गंमत आहे! तुम्ही सांगा, मी उघडते."

"तुम्हाला नाही जमणार."

"चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत मी. डोळे मिटून सुईत दोरा ओवते. सांगा."

इलाज नव्हता. साहेबांनी वहीचं एकतिसावं पान डोळ्यांसमोर आणलं. "आकड्याचं नाक खाली. सायीखालून चमचा सरकवतो तसं हळूच. लागलं काही?"

"लागलं. मऊ आहे."

"ती स्प्रिंग. तिला त्रास देऊ नका. तिच्या पलीकडे एक खाच आहे."

"सापडत नाहीये. आणि तुम्ही नुसते उभे काय राहिलात? ते दुधाचं भांडं घासायला घ्या, नंतर निघणार नाही ते!"

साहेबांनी भांडं आणलं आणि दाराशीच घासायला घेतलं. "डावीकडे, मॅडम."

"भांड्याला तळाशी जोर लावा."

"लावतोय. तुम्ही नका लावू. अंगठा सैल सोडा. कापड सुईखालून आपोआप पुढे सरकतं ना, तसं सरकू द्या."

"अस्सं होय! मग आधीच नाही का सांगायचं तसं?"

खट्.

दार उघडलं आणि नेमकी जिन्यावरून उस्तादबाई आली. समोर काय, तर गिऱ्हाईक बाहेर आकडा घेऊन उभं, आणि आपला शिकाऊ आत, कोपरापर्यंत साबणात, काळं ठिक्कर भांडं घासतोय.

"कोणी उघडलं हे?"

"यांनी," बाईंनी ताबडतोब ठोकून दिलं. "फार हुशार आहेत हो!"

फ्रिजवरचं रजिस्टर, त्याचे कोरे रकाने, सगळं साहेबांच्या डोळ्यांपुढून गेलं. पण खोटी नोंद त्यांनी जन्मात केली नव्हती.

"पहिल्यांदा मी," ते म्हणाले. "ते परत लागलं. आता उघडलंय ते यांनी."

मग सगळं सांगणं आलं. उस्तादबाईनं लॅच निरखून पाहिली, एक ओरखडा नव्हता. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"काका, मी तीन महिने घसा फोडून तुम्हाला जे शिकवतेय, ते तुम्ही या मावशींना दहा मिनिटांत शिकवलंत? दाराआडून? भांडं घासत?"

"चौदा मिनिटं," साहेबांनी दुरुस्ती केली.

"मला नाही येत असं शिकवता. मी नुसती ओरडते. सोमवारी या कामावर." मग तिनं मान वळवली. "आणि मावशी, तुम्ही काय करताय सोमवारी?"

मावशी दोन महिन्यांत पक्क्या कारागीर झाल्या. साहेब अजून शिकाऊच आहेत, आणि आता मावशींच्या हाताखाली आहेत. गाडीत पुढे त्या दोघी बसतात, मागे हत्यारांशेजारी साहेब. मावशी "आकडा" म्हणाल्या की ते आकडा देतात, "गप्प" म्हणाल्या की गप्प बसतात.

"वाईट नाही वाटत?" बायकोनं एकदा विचारलं. "तुम्हीच शिकवलं, आणि आता तीच बाई तुमच्यावर?"

"छे गं! शिकवणारा चांगला होता, हेच सिद्ध होतं त्यातून," असं म्हणून साहेबांनी तेलानं काळे झालेले दोन्ही हात तसेच टेबलावर, तिला नीट दिसतील असे ठेवले, आणि ती तिसऱ्यांदा "आधी हात धुवून या" म्हणेपर्यंत काही उचलले नाहीत.