दिनकररावांची तेवीस मरणं

दिनकर मोहिते आतापर्यंत तेवीस वेळा मेले आहेत आणि प्रत्येक मरणानंतर लगेच हसले आहेत. तेवीस हा आकडा त्यांचा. मला स्वतंत्रपणे सतरा मरणांचीच खातरजमा करता आली. उरलेली सहा ज्या मालिकांत झाली त्या कोणीच, त्यांतल्या नटांनीसुद्धा, पाहिलेल्या नाहीत.

हसण्याचा खुलासा आधी करतो. चित्रीकरणात एखाद्याने मरणाचा प्रसंग केला, की 'कट' झाल्यावर त्याने कॅमेऱ्याकडे बघून हसायचं आणि ते हसणं कॅमेऱ्यात घ्यायचं, अशी या धंद्यातली जुनी रीत आहे. खोटं मरण खऱ्या माणसाला लागू नये म्हणून. सगळे ती पाळतातच असं नाही. दिनकरराव पाळतात. वाईजवळ एकदा ते भाला लागून उंच कट्ट्यावरून खाली गादीवर पडले. तिथून उठून वर येईपर्यंत कॅमेरा पुढच्या प्रसंगाकडे वळला होता. तेव्हा लाल कोटातले, पोटात अर्धा भाला असलेले दिनकरराव नायिकेच्या हळदीत शिरले, करवल्यांच्या मध्ये उभे राहिले आणि दात दाखवून हसले. मगच त्यांनी भाला काढून दिला.

ते साताऱ्यात आमच्या शेजारच्या घरात एकटे राहतात. वय सत्तरीला आलेलं. एसटीत कंडक्टर होते, तिथूनच निवृत्त झाले. डोळे घारे. कातडी अशी, की उन्हात काळी न पडता लाल होते. एवढ्या भांडवलावर ते गेली बारा-तेरा वर्षं पडद्यावरचे ब्रिटिश नट आहेत. या भागात ऐतिहासिक मालिकेचं चित्रीकरण आलं की गोरा माणूस लागतो. खरा गोरा लांबून आणावा लागतो, तो उन्हाला कंटाळतो आणि जेवणात तिखट नको म्हणतो. दिनकरराव पहिल्या एसटीने येतात आणि पिठल्याबरोबर ठेचा मागून घेतात.

त्यांनी कलेक्टर केला, कप्तान केला, पाद्री, रेल्वेचा इंजिनियर, चहाच्या मळ्याचा मालक, प्लेगचा डॉक्टर केला. एकदा उंच बाई मिळेना म्हणून पाठमोरी राणीही केली. "गोऱ्यांचं आख्खं खातं मी एकट्यानं चालिवलंय," असं ते म्हणतात. इंग्रजी संवाद ते देवनागरीत लिहून घेतात आणि अंगणात येरझाऱ्या घालत पाठ करतात. उच्चारांबद्दल तक्रार नाही, चाल मात्र एसटीची आहे. त्यांचं 'गेट आउट' ऐकून माणसं बाहेर जाण्याऐवजी पुढे सरकतात.

माफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही. पडद्यावर त्यांनी एका क्रांतिकारकाला फासावर चढवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडईत एका बाईने त्यांना कोथिंबीर द्यायला नकार दिला. "त्यो क्याप्टन हुता. मी मोहिते," एवढं सांगून ते पुढच्या पाटीकडे गेले. गावच्या जत्रेत भावकीतल्या एका तरुणाने सगळ्यांदेखत विचारलं, की इंग्रजाचं सोंग घ्यायला लाज कशी वाटत नाही. दिनकरराव शांतपणे म्हणाले, "गड्या, मी इतका वाईट वागलो म्हनून तुझा हिरो चांगला दिसला. त्येला इचार."

गेल्या हिवाळ्यात त्यांना आयुष्यातली सगळ्यात मोठी भूमिका मिळाली. ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे संस्थानाच्या दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, निदान तीस भाग. चित्रीकरण सांगलीजवळ कृष्णेच्या घाटावर होतं. बसायला खुर्ची मिळाली होती आणि तिच्या पाठीवर त्यांच्या नावाची पट्टी चिकटवली होती. ते त्या खुर्चीवर फारसे बसत नसत. नाव झाकलं जातं म्हणत. मी वर्तमानपत्रात आहे, आमच्या पुरवणीत त्यांच्यावर लेख करायचा म्हणून मी दोन दिवस तिथे होतो, त्यामुळे पुढचं माझ्यासमोर घडलेलं आहे.

रेसिडेंटच्या हुकमावरून घाटावर गोळीबार होतो आणि पाणी भरायला आलेली एक बाई मरते, असा प्रसंग होता. बाई मिरजेची होती. रेहाना नाव, नवरा तंबोरे तयार करणारा. गर्दीतली माणसं हवी आहेत म्हणून शेजारणींबरोबर पहिल्यांदाच आली होती आणि पडायला तयार झाली म्हणून तिला मरण मिळालं होतं. तिसऱ्या वेळी ती व्यवस्थित मेली. 'कट' झालं. ऊन उतरायला लागलं होतं. दिग्दर्शक पुण्याचा, तिशीतला. त्याला त्याच पायरीवर आणखी एक प्रसंग घ्यायचा होता.

"आता बाईचं हसनं घ्या," दिनकरराव म्हणाले.

"काका, ते आर्टिस्टचं घेतो आपण. ज्युनियरचं नाही घेत. लाइट जातोय."

"मरताना ज्युनियर न्हवती ती."

रेहाना उठत होती. दिनकररावांनी तिला सांगितलं, की ताई, तुमी पडून ऱ्हावा. ती परत पडली. मग ते स्वतः तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि तलवार मांडीवर आडवी घेतली.

आधी निर्मितीचा व्यवस्थापक येऊन गोड बोलला. मग तो वयावर घसरला. मग म्हणाला, की या भागात पुन्हा कुणी बोलावणार नाही. दिनकररावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडल्यापडल्या रेहानाने हळूच सांगितलं, की माझ्यापायी नको, मला काही होत नाही. त्यावर ते म्हणाले, की मेलेल्या माणसानं मधी बोलू नये. शेवटी दिग्दर्शक स्वतः आला.

"काका, पुढच्या एपिसोडला तुमचा रेसिडेंट मारून टाकीन मी."

"मारा की. हसून घीन आन् घरला जाईन."

कोंडी कॅमेरामनने फोडली. हा कोल्हापूरचा अबोल माणूस. कोणालाही न विचारता त्याने कॅमेरा रेहानावर आणला. आता नवी अडचण आली. साठ माणसं आपल्या हसण्याची वाट बघत थांबली आहेत हे कळल्यावर तिला हसू येईना. तिने पदर तोंडाला लावला, काढला, पुन्हा लावला. डोळ्यांत पाणी येऊ लागलं.

दिनकरराव उठले. लाल कोट, छातीवर पाच पदकं, कमरेला म्यान. पाय फाकवून उभे राहिले आणि स्टँडवरच्या आवाजात सुरू झाले, "मिरज, मिरज, मिरज. चला, चढा. ओ मामा, शिडीला धरून काय ऱ्हायलाय, आत या. मागं लय जागा हाय." शिडीवर दिवे लावणारे मामा होते. ते खरोखरच खाली उतरले. रेहाना हसली. पदर बाजूला होता, कॅमेरा चालू होता. सात सेकंद मिळाले, असं कॅमेरामनने मला नंतर सांगितलं. तोवर नदीवरचा उजेड गेला होता.

दिग्दर्शकाने शब्द अर्धाच पाळला. पुढच्या भागात दरबारातल्या कारकुनाने एक पत्र वाचून दाखवलं, की रेसिडेंट साहेब प्रकृतीच्या कारणास्तव विलायतेला रवाना झाले. "मारलंसुदीक न्हाई," दिनकररावांनी मला फोनवर सांगितलं. मरण येणार म्हणून त्यांनी घोड्यावरून पडण्याची तयारी सुरू केली होती. खुर्चीवरची पट्टी त्याच दिवशी निघाली.

त्याला आता पाच महिने झाले. या भागात काम देणारा समन्वयक एकच आहे. त्याने दिनकररावांना मोबाइलवर माफीचा मजकूर तयार करून पाठवला. त्यांनी तो फक्त पुढे दिग्दर्शकाला पाठवायचा, की काम पुन्हा सुरू. दोन ओळींचा मजकूर होता. दिनकररावांनी तो मला दाखवला आणि विचारलं, की यात माझं काय चुकलं ते कुठं लिवलंय. मी म्हणालो, लिहिलेलं नाही. मग त्यांनी समन्वयकाला कळवलं, की आधी चूक लिहून पाठवा, मग बघू. अजून कोणी पाठवलेली नाही. अंगणातल्या येरझाऱ्या चालू आहेत, संवाद मात्र जुनेच आहेत.

लेखासाठी एखादा जुना फोटो हवा म्हणून मी परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ट्रंकेतून पाकीट काढलं. प्रत्येक मरणानंतरचं हसणं त्यांनी मागून घेऊन छापून ठेवलं आहे. मी ते बघत असताना भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी. मी या गल्लीत राहायला येण्याआधीच त्या गेल्या होत्या. मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला दिसत होता. चेहरा ताठ, ओठ मिटलेले. मी विचारलं, याहून बरा फोटो नव्हता का.

ते खुर्चीवर बसले आणि कार्यक्रमपत्रिका वाचावी तसं सांगत गेले. प्लेगच्या मालिकेत ते डॉक्टर होते. मेलेल्या बायका कमी पडल्या, म्हणून डबा घेऊन आलेल्या सुमनवहिनींना खाटेवर झोपवलं. चादर डोक्यावरून ओढलेली, हात तेवढा बाहेर. डॉक्टरने यायचं, नाडी बघायची, इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची, मान हलवायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. कट झाल्यावर कॅमेऱ्यावरच्या माणसाने स्वतःहून विचारलं, वहिनींचं हसणं घेऊ का.

"मीच म्हनलो, घरचीच हाय, ऱ्हाऊ द्या. साताऱ्याची गाडी चुकली असती."

पुढच्या वर्षी त्या गेल्या. हृदयाचा विकार जुनाच होता.

मी म्हणालो, तुम्ही याला कारण मानत नसाल.

"मी काय खुळा हाय व्हय," ते म्हणाले. "डाक्टरनं सांगितलंय की मला सगळं. मानूस त्यानं जात न्हाई. पर घरात माझं तेवीस फोटो हायती हसताना. तिचा एक न्हाई."

मी वही मिटली. ते पाकिटातले फोटो पुन्हा क्रमाने लावत होते. मग, माझ्याकडे न बघता, त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवली.

"चादरीखाली हसत हुती ती. मी इंग्रजीत बोलाय लागलो तसं तिला आवरंना. हितं कळत हुतं मला. तसाच हात धरून ऱ्हायलो, आन् मान हलिवली."