एलादिओचा बंपर आणि बादलीतलं पाणी

"या वर्षी संत क्रिस्तोबाल माझ्याच ट्रकवर बसणार! लिहून ठेवा!" एलादिओने मे महिन्यातच बारमध्ये सगळ्यांना ऐकवलं.

बाल्देसेका गावात ट्रकवाल्यांचा सण दहा जुलैला. फादर अन्सेल्मो बादलीतलं पाणी प्रार्थनेने पवित्र करून ट्रकांवर शिंपडतात आणि मग भोंगे वाजवत सगळे ट्रक गावाला फेरी घालतात. ज्याचा ट्रक सर्वांत लखलखीत, त्याच्यावर संतांची मूर्ती आणि तो सगळ्यांच्या पुढे! अकरा वर्षं हा मान सातुर्निनोकडे होता. एलादिओच्या बापाने चाळीस वर्षं वाळू वाहिली, पण त्याला तो एकदाही मिळाला नाही. म्हातारा ती खंत घेऊनच गेला. एलादिओच्या मनाला ते फार लागून राहिलं होतं.

त्याच्या ट्रकचा ॲल्युमिनियमचा बंपर, पायऱ्या, टाकीवरच्या पट्ट्या, सगळंच राखेसारखं फिकं पडलं होतं. त्याने ओला करून घासायचा पाणकागद घेतला, पॉलिशचे डबे आणले आणि तीन आठवडे घासत बसला. घरातल्या जुन्या बनियन संपल्या, मग नव्याही संपल्या.

"लग्नाच्या दिवशी तरी माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं होतंस का रे?" बायकोने, ओबदुलियाने विचारलं.

"तू कधी काळवंडलीच नाहीस, त्याला मी काय करू?"

सणाच्या आदल्या दिवशी समिती आली. अध्यक्षांनी बंपरमध्ये बघून मिशा सारख्या केल्या आणि निकाल लागला. एलादिओ जिंकला! सातुर्निनो यंदा गाफील राहिला होता. त्याच्या ट्रकवर वर्षभराची पुटं तशीच होती.

आनंद तासभर टिकला. मग एलादिओला पाणी आठवलं. गावचं पाणी क्षाराचं. थेंब वाळला की पांढरा डाग! आणि फादर शिंपडतात कसले, अंगावर फेकतात!

"देवाचं पाणी आहे ते," ओबदुलिया म्हणाली.

"देवाचं असेल, पण येतं नगरपालिकेच्या नळातून!"

मग त्याने शक्कल लढवली. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा डाग पडत नाही. सकाळी फादरांच्या प्रार्थनेआधी बादलीतलं पाणी बदलायचं, मग प्रार्थनेने ते आपोआप पवित्र होईल. देवाचीही फसवणूक नाही आणि बंपरलाही धक्का नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या अंगणात कोणी नव्हतं. त्याने बादली झाडांना ओतली, कॅन रिकामा केला आणि शीळ घालत ट्रकमध्ये परत आला.

सीटमागे बॅटरीच्या पाण्याचा कॅन होता. भरलेला. सीलबंद!

मग ओतलं काय? जुनी पुटं काढायला तसल्याच दुसऱ्या कॅनमध्ये कालवलेलं लिंबूसत्त्वाचं जालीम पाणी! मळलेल्या धातूवर ते पडलं की पुटं निघतात, पण आरशासारख्या पॉलिशवर पडलं की चट्टे उठतात. एलादिओची पाचावर धारण बसली. तोवर प्रार्थना उरकून फादर बादली घेऊन समोर उभे होते.

"फादर, आधी बाकीच्यांना! मी शेवटी!"

"एवढी नम्रता? ताप आहे का रे तुला?" म्हणत फादर पुढे गेले आणि दोन्ही बाजूंना सपासप पाणी उडवू लागले.

गर्दीतल्या कासिल्दा आजीने ओठ चाटले. "फादर, यंदा पाणी आंबट आहे हो!"

"पापं कमी करा, गोड लागेल!" फादर म्हणाले. पण आपलेही ओठ चाटून ते क्षणभर थबकले.

शेवटी फादर परत आले. एलादिओ हात पसरून बंपरला पाठ लावून उभा राहिला. "माझ्यावर टाका, फादर! पापी मी आहे, बंपर निष्पाप आहे!"

लोक हसले. पण त्याने फादरांचा हातच धरला, तेव्हा हसू थांबलं.

"आशीर्वाद नाकारतोय मेला!" कोणीतरी कुजबुजलं.

तेवढ्यात मागून आरोळी आली. सातुर्निनोने बाहीने आपला बंपर पुसला होता आणि जिथे जिथे थेंब पडले होते, तिथे तिथे चांदीसारखे ठिपके चमकत होते!

"संतांनी बोट लावलं रे!"

सगळे आपापले ट्रक पुसू लागले. सगळीकडे ठिपके! बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली, दांडगे ड्रायव्हर रस्त्यात गुडघ्यांवर बसले. मग सगळ्यांच्या नजरा एलादिओकडे वळल्या. त्याच्या ट्रकवर एक थेंब नव्हता.

एलादिओने तोंड उघडलं. पण खरं सांगायचं म्हणजे फादरांची बादली झाडांना ओतून तिच्यात भलतंच पाणी भरलं, हेही सांगायचं! त्याने तोंड मिटलं. चौघांनी मूर्ती उतरवली आणि सातुर्निनोच्या, देवीचे व्रण उठल्यासारख्या दिसणाऱ्या ट्रकवर चढवली. एलादिओला रडू आवरेना. अडतीस ट्रकांची धूळ खात तो सगळ्यांत मागून निघाला.

फेरी संपल्यावर फादर त्याच्या खिडकीशी आले.

"लिंबूसत्त्व ना?"

एलादिओने मान खाली घातली. "तुम्हाला कळलं होतं, तर बोलला का नाहीत?"

"तीस वर्षांत हे ट्रकवाले पहिल्यांदा गुडघ्यांवर बसले. मी कशाला उठवू?"

"आणि मूर्ती? पुढच्या वर्षी तरी?"

"आता कायमची सातुर्निनोकडेच. चमत्कार झालाय बाबा, माझ्या हातात काय आहे?" फादरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शनिवारी पापांची कबुली द्यायला ये. आणि उरलंसुरलं असेल ते पाणी घेऊन ये. वेदीवरचे मेणबत्त्यांचे पितळी स्टँड फार काळे पडलेत."