घरपोच सही

आमच्या गावात ग्रामसभा घरोघरी भरते. म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन दारात येतो, आपण जेवता जेवता डाव्या हाताने सही करायची आणि हजर व्हायचं. मी अशा कित्येक सभांना हजर राहिलोय, बहुतेक वेळा बनियनवर.

सही न देणारे एकटे शेजारचे गणपतमामा. शिपाई दिसला की म्हणणार, "गेल्याबिगर हजर कसं लिहू, बापू?" आणि सभेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, घरची सतरंजी काखेत मारून पंचायतीत जाऊन बसणार. ग्रामसेवक बिचारे त्या एकट्यालाच "ग्रामस्थहो" म्हणून अहवाल वाचून दाखवायचे. त्यातही मामा हात वर करून सांगायचे, "मागं आवाज येईना, जरा जोरात."

मामा शाळेत शिपाई होते. जन्मभर हजेरीपट वाहिला, त्याचा हा परिणाम, असं मी लोकांना सांगायचो.

गेल्या उन्हाळ्यात मामांनी अर्ज दिला. आरोग्य उपकेंद्राच्या पायऱ्यांना धरायला लोखंडी दांडा बसवा, म्हाताऱ्या माणसांना चढता येत नाही. ग्रामसेवक म्हणाले, सभेचा ठराव लागेल, रजिस्टर फिरवतो, उद्याच करून टाकू.

"बिलकुल न्हाई," मामा म्हणाले. "न आलेल्या माणसांचा दांडा मला नको."

सभेच्या दिवशी सकाळपासून ते घरोघरी जाऊन बसायला लागले. माझ्याकडे आले तेव्हा मॅच रंगात आली होती. "तू ऊठ, मंग मी उठतो." चहा झाला, पोहे झाले, मामा हलेनात. शेवटी मी पँट चढवली. पंचायतीत पाहतो तर सगळे माझ्यासारखेच, उठवून आणलेले. सतरंजी पुरेना. ठराव झाला, आणि दिवाळीच्या आत दांडा बसलासुद्धा. याचं ग्रामसेवकांनाच जास्त नवल वाटलं.

परवा बीपी तपासायला उपकेंद्रात गेलो, तर मामी पायऱ्या चढत होत्या. गुडघ्यांपायी त्यांनी इथं येणंच सोडलं होतं, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. मामांनी सभेत त्यांचं नावही घेतलं नव्हतं. मामींनी दांडा घट्ट धरलेला. मामा एक पायरी मागे, त्यांचा तळवा मामींच्या पाठीपासून चार बोटांवर, न टेकवता धरलेला.

वर पोचल्यावर मामींनी विचारलं, "हे कोणी बसवलं ओ?"

"गावानं," मामा म्हणाले. तेवढ्यात मी दिसलो, तसा त्यांनी तो हात जल्दीनं खिशात घातला.