आठव्या महिन्याचा पुरावा

विमा कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी फाईल तिसऱ्यांदा चाळली आणि चष्मा कपाळावर सरकवला, तेव्हाच इस्त्रीवाला एक पाऊल मागे सरला. साहेबलोकांचा चष्मा वर गेला की आपलं काम खाली पडतं, हे त्याला परदेशातल्या दहा वर्षांत पाठ झालं होतं.

"पहिल्या चौदा महिन्यांचं काय?" बाईंनी विचारलं.

"काम केलं ना, मॅडम. लॉन्ड्रीत. विम्याचे पैसे दर महिन्याला पगारातून कापले जायचे."

"पैसे आलेत. पण त्यांना नाव नाही. नोंदणीच्या फॉर्मवर तुमची सहीच नाही. हे पैसे कोणाचे, ते आम्हाला माहीत नाही."

"माझेच आहेत."

"कशावरून?"

सही नव्हती याला कारण होतं. घरून निघताना वडिलांनी बजावलं होतं, "परमुलखात कुठल्या कागदावर सही करू नकोस." मुळात भित्रा माणूस, त्याला एवढं पुरे झालं. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी नोंदणीचा फॉर्म पुढे केला की याला नेमकी लघवीला लागायची. असं चौदा महिने चाललं. पुढे एका हॉटेलात नोकरी लागली. तिथल्या मॅनेजरने सही होईपर्यंत दारच अडवून धरलं, म्हणून निदान नंतरची वर्षं तरी त्याच्या नावावर लागली.

नियम साधा होता. देश सोडून जाणाऱ्या परदेशी कामगाराची दहा वर्षं भरली असतील, तर विम्याचे सगळे पैसे एकरकमी परत मिळतात. नाहीतर काही नाही. याची दहा वर्षं ते चौदा महिने धरून बरोब्बर भरत होती, वर एक दिवसही नाही. परवाचं विमान होतं. त्या पैशांतून गावात स्वतःचं इस्त्रीचं दुकान टाकायचं, म्हणजे पुन्हा इकडे यायला नको, असं नवराबायकोंचं ठरलं होतं. पैसे नाहीत म्हणजे दुकान नाही, आणि दुकान नाही म्हणजे आणखी दोन वर्षांचा करार. "या वेळी कायमचा येतो" हे वाक्य त्याने बायकोला याआधी चार वेळा ऐकवलं होतं. पाचव्यांदा तिने नुसतं "बरं" म्हटलं. त्या "बरं"ची त्याला विमा कचेरीपेक्षा जास्त भीती वाटत होती.

"दर महिन्याची एक तरी सही आणा, तारखेसकट," बाई म्हणाल्या. "कशावरही चालेल. पण आज तीनच्या आत."

बाहेर त्याचा खोलीतला सोबती उभा होता. हा धंद्याने बसड्रायव्हर, पण सगळ्यांना फुकट सल्ले द्यायचा म्हणून त्याला वकील म्हणत.

"सही? तू?" वकील हसत सुटला. "अरे, तू भाड्याच्या पावतीवर अंगठा देतोस!"

"हसू नकोस. तीनच्या आत हव्यात, चौदा."

"मग मालकीणबाईंकडे चल. ती बाई चिठ्ठीचा कपटासुद्धा टाकत नाही, असं तूच सांगतोस ना?"

"तिथे नको."

"का?"

"नको म्हटलं ना!"

पण दुसरा उपाय नव्हता. वकिलाने त्याला दंडाला धरून नेलं.

लॉन्ड्री कधीच बंद झाली होती. म्हाताऱ्या मालकीणबाई मागच्या घरात राहत होत्या आणि जुन्या वह्या गॅरेजमध्ये रचून ठेवल्या होत्या. त्यांनी इस्त्रीवाल्याला लगेच ओळखलं.

"तुझी सही? आहे की," त्या म्हणाल्या आणि लाल पुठ्ठ्याची एक वही झटकून पुढे केली. "ही घे. जळीत वही."

इस्त्रीवाल्याने पुढे केलेला हात मागे घेतला. ज्याने कपडा जाळला त्याने या वहीत तारीख टाकून सही करायची, असा बाईंचा दंडक होता. तिथे त्याने मुकाट सह्या केल्या होत्या. वही म्हणजे काही कागद नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

वकील पानं मोजायला लागला. "पहिल्या महिन्यात दोन. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात पडदा! अरे, तू इस्त्री करायचास की होळी?"

"दर महिन्याला आहे ना पण?" इस्त्रीवाल्याने हळूच विचारलं.

"एक मिनिट. सातव्याच्या खाली लाल शाईत लिहिलंय, 'पुढच्या महिन्यात काही जळालं तर कामावरून कमी.' आणि आठवा महिना कोरा आहे."

"त्या महिन्यात मात्र हा नीट वागला," मालकीणबाई म्हणाल्या. "तेव्हा एका गिऱ्हाईकाचा नवा पांढरा शर्ट तेवढा गायब झाला. भरपाई मलाच द्यावी लागली. तो गृहस्थ अजून रस्त्यात भेटला की विचारतो, सापडला का म्हणून."

चोराच्या मनात चांदणं. इस्त्रीवाल्याने स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि वही घेऊन निघाला.

"एवढा घाम का फुटलाय तुला?" वकिलाने वाटेत विचारलं.

"उकडतंय."

"मग स्वेटर काढ."

"नको. थंडी आहे."

पावणेतीनला दोघे पुन्हा खिडकीशी आले. बाईंनी बोट ठेवून एकेक नोंद मोठ्याने वाचली. "निळी पँट, गुडघ्यावर. टेबलक्लॉथ, मधोमध." रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले. तेरा महिन्यांवर बरोबरची खूण झाली.

"आठवा महिना?"

"त्या महिन्यात मी चांगलं काम केलं, मॅडम."

"त्याची नोंद?"

"चांगल्या कामाची नोंद कोण ठेवतं?" वकील मागून म्हणाला.

"मग नऊ वर्षं अकरा महिने होतात," बाई म्हणाल्या आणि फाईल मिटली. "पुढचे या."

घड्याळात तीनला सहा मिनिटं होती. बोललं तर चोर ठरू, पोलीस येतील, विमान जाईल. नाही बोललं तर तिकडे फोनवर पुन्हा "बरं" ऐकावं लागेल. दोन्हींत जास्त भीती कशाची, हे त्याने एकदाच मनाशी तपासलं आणि स्वेटरची चेन खाली ओढली.

"मॅडम, आठवा इथे आहे."

त्याने पँटमध्ये खोचलेला पांढरा शर्ट बाहेर ओढला. मागच्या घोळावर इस्त्रीचा आख्खा तपकिरी ठसा होता, टोकासकट. ठशाच्या बाजूला कापडाची पट्टी शिवलेली होती. लॉन्ड्रीत इस्त्रीआधी प्रत्येक कपड्याला अशी पट्टी लागे, आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने तारीख टाकून इस्त्री करणाऱ्याने सही करायची. गिऱ्हाईकाला कपडा देताना ती उसवत. ही उसवलीच नव्हती. शर्ट लपवला हा एक गुन्हा, पट्टी कापली तर पुरावा नष्ट केल्याचा दुसरा, या भीतीने त्याने नऊ वर्षं तिला हात लावला नव्हता. त्याच्याकडे पांढरा शर्ट हा एकच. बायकोने सकाळी फोनवर सांगितलं होतं, "चांगल्या कामाला जाताय, तो पांढरा घाला," आणि तो घालून आला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"लोकांचा कळसा काखेत असतो, तुझा कमरेत," वकील पुटपुटला.

"मी जाळला," इस्त्रीवाला रडवेल्या आवाजात सांगू लागला, "आणि लपवला. नोकरी जाईल म्हणून. मालकीणबाईंना आज भरपाई देतो. पोलिसांना बोलवायचं तर..."

"गप्प उभे राहा. हलू नका," बाई म्हणाल्या. त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून पट्टी वाचत होत्या. मग त्यांनी वहीतली सही पाहिली, पुन्हा पट्टी पाहिली. "तारीख जुळते. सही जुळते. दहा वर्षं पूर्ण."

शिक्का धाडकन बसला.

"म्हणजे झालं?"

"नाही. मूळ पुरावा फाईलला जोडावा लागतो."

"वही ठेवा ना."

"वही ठेवलीच. शर्ट काढा."

त्याने खांब गाठला आणि खांबाआड शर्ट काढला. बाईंनी त्याची चौकोनी घडी केली, भोक पाडून फाईलला टाचला आणि पोचपावती पुढे केली. "इथे सही."

इस्त्रीवाल्याने सही केली. लघवीला लागली नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बाहेर पायरीवर बसून त्याने बायकोला फोन लावला.

"झालं," तो म्हणाला.

"अहो, आवाज असा का येतोय? रडताय का?"

"नाही गं. आत उघडा आहे. स्वेटर टोचतोय."

"म्हणजे? शर्ट कुठाय?"

"सरकारजमा झाला. आल्यावर सांगतो."

ती हळूच म्हणाली, "या वेळी खरंच येणार ना?"

"अगं," तो म्हणाला, "सही केलीय मी."

पलीकडून "बरं" आलं नाही. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.