हैबतरावांचे पायाची हकीकत

श्री अन्नपूर्णा ऐकणारांस भूक आणि अक्कल, दोन्ही बेताने देवो. शके सोळाशे पंच्याऐंशी, सुभानुनाम संवत्सरी, पौषमासी वर्तमान ऐसे वर्तले की, एके राज्यी हैबतराव म्हणोन मोठे न्यायी गृहस्थ होते, आणि राज्यातील यावत् तंटे तेच मिटवीत, आणि शिवेचा तंटा असला तर स्वतः पायी शीव चालोन निवाडा देत, म्हणोन त्यांचे शब्दाबाहेर कोणी जात नसे. ऐशियास त्यांस मधुमेहाने गांठिले, आणि डावे पायास कांटा लागोन जखम जाली, ती काही केल्या भरेना. मग राजवैद्य करवतीकडे पाहात बोलिले की, "चैत्रापर्यंत भरली तर भरली, नाही तर पाऊल काढावे लागेल." राव लढाईत न डगमगणारे, परंतु हे ऐकोन डगमगले. पाय गेला तर शीव कोण चालणार, आणि पालखीत बसोन दिलेला निवाडा कोण मानणार?

मग काय विचारता! सल्ला देणारांची रीघ लागली. व्याही म्हणाले नुसते कारले खावे, मेहुणे म्हणाले भात जन्माचा सोडावा, शास्त्रीबोवा म्हणाले उपासासारखे औषध नाही. रावांनी भोळेपणे तिन्ही केले, आणि उपासाने घेरी येऊन देवघरातच आडवे जाले, आणि जखम होती तैशीच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरे काय! तेव्हां त्यांचे कुटुंब गजराबाई कंबर कसोन उठल्या आणि सरकारांतून दर्याबाईंस घेऊन आल्या. या बाई अन्नाची विद्या रीतसर शिकलेल्या, आणि कोणी काय, किती, कधी खावे हे ज्याचे त्याचे प्रकृतीप्रमाणे ठरवोन देत, आणि दरबारी त्यांचा हुद्दा पथ्यनवीस. बाईंनी आल्या आल्या काही बंद केले नाही. आधी पुसिले, "राव, दिवसभरात पोटात काय जाते?"

"सकाळी भाकरी, पालेभाजी, ताक. सांजेस तेच. दुसरे काही नाही, देवाची आण!"

गजराबाईंनीही ग्वाही दिली. बाईंनी भाकरी तैशीच ठेविली, भात थोडका करविला, उसळ वाढविली, जेवणाच्या वेळा बांधोन दिल्या, आणि वैद्याचे औषध वैद्याचेच राखिले. तरी साखर हटेना. दुसरी कोणी असती तर रावांस लबाड म्हणोन निघोन गेली असती. परंतु बाई चिवट. म्हणाल्या, "उद्या मी चावडीवर येते."

चावडीवर पाण्याचे पाळीवरोन भांडणारे दोघे शेजारी आले, निवाडा जाला, आणि त्या राज्याचे रिवाजाप्रमाणे दोघांनी दोन बुंदीचे लाडू रावांचे मुखी घातले. पंचाने गिळला नाही तोवर निवाडा कच्चा, ऐसी तेथील चाल. मग दुसरा तंटा, मग तिसरा, आणि लाडू आपले चालूच.

"अहो राव, हे काय?" बाई ताडकन उठल्या.

"हे खाणे नव्हे, बाई. हे राजकाज!"

"राजकाज म्हणे! घशाखाली उतरल्यावर रक्तास काय ठाऊक, लाडू सरकारी की खासगी?"

राव संतापले. "लाडू नाकारिला तर निवाडा मोडेल."

"आणि पाय मोडला तर? भांडण त्यांचे, समेट त्यांचा, मग गोड तुमचे तोंडात का? एकमेकांस भरवावे की!"

रावांनी त्याच दिवसापासोन चाल फिरविली. लोक कुरकुरले. इतक्यात खुद्द महाराज आणि त्यांचे धाकटे बंधु यांचा जहागिरीवरोन कलह पेटला, आणि राव मध्ये पडोन समेट जाला, आणि भरदरबारी महाराजांनी स्वहस्ते लाडू रावांचे ओठाशी नेला. महाराजांचा हात परतविणे म्हणजे हुद्दा घालविणे. रावांस करवत आठवली, तोंडास पाणीही सुटले, हे खोटे कशास बोला! परंतु निश्चय केला आणि हात जोडिले. "महाराज, माफी असावी. हा घास माझा नव्हे, धाकटे महाराजांचा."

महाराजांचा चेहरा लाल जाला. क्षणभर हात तैसाच राहिला. मग तो बंधूकडे वळला, आणि धाकटे महाराज लाडू तोंडात असताच रडो लागले, आणि त्यांनीही उरलेला अर्धा दादांस भरविला.

पुढे पथ्य, औषध आणि चालणे नेटाने चालले, साखर उतरली, आणि चैत्रात जखमेवर नवी कातडी धरली. वैद्यांनी करवत गुंडाळोन ठेविली. राव काठी टेकीत उत्तरेची शीव चालोन आले, आणि दर्याबाई मागोन ओरडत होत्या, "दमाने, राव, दमाने!"

येणेप्रमाणे हकीकत. त्या राज्यात अद्याप वादी प्रतिवादीस भरवितो तेव्हांच निवाडा पक्का होतो. पंचाचे तोंड रिकामे असते, आणि दोन्ही पाय शाबूत.