डाव्या हाताचा पीळ

२०२३ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि मुलुंडला जुन्या पोकलेनच्या यार्डात मशीन चालवत होतो. पोकलेन म्हणजे ते खोदायचं मशीन, लांब हाताचं, साखळीच्या पट्ट्यांवर चालणारं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण लायसन्स माझं मी मिळवलं, कोणाच्या वशिल्याने नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडे घाटकोपरहून बनसोडे नावाचा वायरमन यायचा. मशीन बिघडलं म्हणून ह्याला बोलवावं, तर हा मशीनकडे बघायचाच नाही. पिशवी खाली ठेवायची, उलट्या बादलीवर बसायचं आणि विचारायचं, "ह्याच्या आधी हे कोण चालवत होतं?" त्या जुन्या ड्रायव्हरशी फोनवर बोलल्याशिवाय स्क्रूला हात लावत नसे. एकदा असाच एक ड्रायव्हर गावी लग्नात होता, तर हा संध्याकाळपर्यंत बादलीवर बसून राहिला. शेठ वैतागला. म्हणाला, आजारी इथे पडलाय आणि तू नाडी गावाला बघतोस.

बनसोडे शांतपणे म्हणाला, "शेठ, मशीन सेकंडहॅन्ड आहे. रोगपण सेकंडहॅन्डच असणार."

आणि ते खरंच असायचं. आताची मशीनं म्हणजे सगळा डब्यांचा कारभार. इंजिनाचा एक डबा, पंपाचा एक, आणि ड्रायव्हरसमोर मॉनिटर. हे एकमेकांशी बोलतात ते पीळ घातलेल्या दोन तारांवरून. बोलणं तुटलं की मॉनिटरवर लाल अक्षरं येतात, इंजिन जागच्या जागी गुरगुरत राहतं आणि बकेट काही उचलत नाही. आमच्यासारखा हातोडीचा माणूस तिथे काय करणार. जुन्या मशीनमध्ये कोणी मध्येच पंखा जोडलेला असतो, कोणी गाण्याचा डबा, कुठे उंदराने खाल्लेलं असतं. हे सगळं ठाऊक असतं ते आधीच्या ड्रायव्हरला.

त्या दोन तारांच्या बाबतीत बनसोडे फार हळवा. पीळ सोडायचा नाही, हे त्याचं पालुपद. तार तुटली आणि जोडली, तर जोडलेल्या जागीसुद्धा पीळ तसाच पाहिजे, नाहीतर बाहेरची खरखर आत शिरते म्हणे. चहा पितानासुद्धा बोटं सुतळीला पीळ घालत असायची. एकदा बोलता बोलता माझ्या खांद्यावरच्या पंच्याचं टोक पिळून ठेवलं. मी म्हटलं, मेल्या, ह्याला तरी मोकळं सोड.

फोन ठेवायच्या आधी त्याचा अजून एक प्रश्न ठरलेला असायचा. तुमच्याकडे कधी डावखुरा वायरमन आला होता का, साळवी नावाचा? नाही म्हटलं की हा "बरं" म्हणून पिशवी उघडायचा. यार्डात त्याची चेष्टा चालायची. आमचा वेल्डर तर तो आलेला दिसला की त्याला मुद्दाम डाव्या हाताने सलाम ठोकायचा. बनसोडे उजव्या हाताने उलट सलाम करायचा आणि बादली शोधायचा.

मी त्याला सरळ विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. दिनू साळवी त्याचा जोडीदार. दोघांनी तारा तपासायच्या एकाच मीटरवर धंदा सुरू केला, एका डब्यातलं जेवले. मग कुर्ल्याच्या एका कामावर दिनूने घाईत पीळ न घालताच तार जोडली. बनसोडेने तो जोड कापून सगळ्या ड्रायव्हरांसमोर हातात नाचवला. वायरिंग केलंयस की मेथीची जुडी बांधलीयस, असं म्हणाला. माणसं हसली. दिनूने मीटर खाली ठेवला आणि निघून गेला. नंबरही बदलला. तेव्हापासून हा प्रत्येक मशीनच्या मागच्या ड्रायव्हरला विचारत होता.

त्या वर्षी शेठने नाशिककडच्या एका खाणीवरचं पोकलेन घेतलं. ते मी चालवणार होतो, पण आल्या दिवसापासून मॉनिटर लाल. खाणीवरच्या ड्रायव्हरचा नंबर मीच मिळवून दिला. दुपारची वेळ, बाकीचे जेवायला गेलेले. बनसोडे बादलीवर, फोन स्पीकरवर. ड्रायव्हर म्हणाला, मशीन कुठे आहे ते मालकाला दाखवणारी डबी सीटमागे बसवलेली होती, विकताना मालकाने ती उपटून नेली. बनसोडेने मान डोलावली. मग ठरलेला प्रश्न विचारला.

तिकडून उत्तर आलं, "हो, आलेला की. केबिनखाली उंदराने तार खाल्ली होती, त्यानेच जोडली. आमच्याकडचं सगळं काम तोच करतो."

बनसोडेने फोन माझ्या हातात दिला. सीटमागे बघायचं सोडून तो केबिनच्या खाली शिरला. मी बॅटरीचा उजेड धरला. त्याने टेप उलगडला. आत नव्या तारेचा तुकडा घातलेला, दोन्ही टोकांना कथलाचा डाग दिलेला, वर नळी चढवलेली. पीळ कुठेच सुटला नव्हता. फक्त तो उलट्या बाजूने फिरत होता, डाव्या हाताचा.

बनसोडेने त्यावरून अंगठा फिरवला. "काका, चांगला केलाय," तो म्हणाला. पुन्हा अंगठा फिरवून म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगला."

मी म्हटलं, मग ड्रायव्हरकडून नंबर घे ना त्याचा.

"नको. माझा फोन बघून त्याला वाटेल, परत चूक काढायला केलाय."

त्याने टेप पुन्हा गुंडाळला, होता तसा. मग सीटमागे मीटर लावला. साठ ओहम यायला पाहिजे तिथे एकशेवीस येत होते. त्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना रेझिस्टन्सचं एकेक बूच लागतं, त्यातलं एक डबीबरोबर गेलं होतं. त्याने नवीन बसवलं, लाल अक्षरं गेली, इंजिनाने जोर धरला, बकेट वर आली. बनसोडेने चहासुद्धा घेतला नाही. पिशवी उचलली आणि रिक्षा न करता चालत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर चढायच्या आधी मी त्या ड्रायव्हरकडून साळवीचा नंबर घेतला आणि फोन लावला. बनसोडेला विचारलं नाही. मी कोणाला विचारून काही करत नाही. साळवीला सांगितलं, बनसोडेने तुझा जोड उघडून बघितला, चांगला केलाय म्हणाला.

तिकडे मशीन चालू होतं, ते त्याने बंद करायला लावलं. मग त्याने विचारलं, "कोणासमोर म्हणाला?"

"सगळ्या यार्डासमोर," मी म्हटलं.